भरतीत मोजलेली खाडी

पनवेलला कोणी जात नाही, पनवेलवरून जातात. आमच्या इचलकरंजीची माणसं मुंबईला जाताना पनवेल आलं की झोपेतून उठून सीटखाली चपला शोधतात, एवढाच त्यांचा त्या गावाशी संबंध. मी मात्र दहा दिवसांची रजा टाकून खास पनवेलला गेले. का, असं आईने विचारलं तेव्हा म्हटलं, कोळणींना पर्यावरणाचं इंग्रजी शिकवायला. आईने लाटणं खाली ठेवलं. आमच्या घरात एवढी शांतता फक्त निवडणुकीच्या निकालाला असते.

थोडं घराबद्दल सांगायला हवं. वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. संपाची, मोर्च्याची, निषेधाची सगळी पत्रकं त्यांच्या हातून जायची आणि उरलेली घरी यायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, डब्याखाली पत्रक, फडताळात पत्रक. त्यामुळे मला शांत वाक्य लिहिता येत नाही. 'कृपया चपला बाहेर काढा' अशी पाटी जरी लिहायची झाली तरी माझ्या हातून 'काढल्याच पाहिजेत' असं उतरतं.

नवमी

मथळ्यांना तारखा न देता तिथ्या दिल्या आहेत. त्यात माझी धार्मिकता शोधू नये. कारण पुढे येईलच.

बसच्या कंडक्टरने मला पनवेलच्या अलीकडे कोन फाट्याशी उतरवलं आणि हेच पनवेल असं ठामपणे सांगून बस घेऊन गेला. दुतर्फा बिल्डरांचे बोर्ड होते. प्रत्येक बोर्डावर विमानतळ 'अगदी जवळ' होता. विमानतळ तोवर कागदावरसुद्धा पुरता उतरला नव्हता, पण त्याच्या जवळचे फ्लॅट संपत आले होते.

अर्ध्या तासाने नुसरत रिक्षा घेऊन आली. नुसरतची आणि माझी ओळख पुण्याच्या एका शिबिरात झालेली. तिथे आम्ही एका खोलीत होतो आणि दोघींनीही सकाळचं ध्यान चुकवलं होतं. ती पनवेलच्या मोहल्ल्यात राहते, अब्बा कुवेतला, आणि चाचाच्या कापडदुकानावरच्या माळ्यावर ती इंग्रजीचे क्लास घेते. मला बघताच म्हणाली, "या कॉम्रेड. हायवेवरच क्रांती सुरू केलीत का?"

तिच्या घरी रात्री तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तांदळाची भाकरी म्हणजे भाकरीने घातलेला रेशमी सदरा, असं माझं मत झालं आणि मी ते बोलूनही दाखवलं. नुसरतच्या अम्मीला ते फार आवडलं नाही. तिने आणखी दोन वाढल्या, बहुधा तोंड बंद राहावं म्हणून.

जेवताना नुसरतने सगळं पुन्हा नीट सांगितलं. पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला खाडीच्या काठी एक गाव आहे. खरं नाव देत नाही, आपण बेलखार म्हणू. त्या गावासमोरचा खाडीतला चिखल भराव घालून बुजवायचा आणि त्यावर कंटेनर ठेवायला मैदान करायचं, असा एका कंपनीचा प्रस्ताव होता. आठवड्याभराने पनवेलला त्याची जनसुनावणी होती. कंपनीच्या सल्लागारांनी केलेला पर्यावरणाचा अहवाल इंग्रजीत, उशीएवढा जाड. मराठीत नुसता सारांश, त्यात 'सर्व परिणाम नगण्य' एवढंच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं. शेजारच्या गावाच्या सुनावणीत साहेब लोक मराठीत बोलता बोलता अडचणीच्या जागी बरोबर इंग्रजी शब्द टाकत होते, आणि माणसं मान हलवत होती. मान हलवली ती संमती म्हणून गेली.

हे बेलखारच्या बायजाकाकीने पाहिलं होतं. काकी मोहल्ल्यात तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे विकायला येते, नुसरतला लहानपणापासून ओळखते. विधवा, साठीची. तिचं सगळं घर त्या चिखलावर उभं. चिखल बुजला तर तिच्याकडे दुसरं काही नाही. ती नुसरतच्या दारात टोपली उतरवून म्हणाली होती, ते शब्द आमाला शिकव.

दशमी

वर्ग बेलखारच्या समाजमंदिराच्या ओट्यावर, दुपारी चारला. जाताना ट्रेलरांच्या रांगेत आमची रिक्षा पाऊण तास उभी होती. बंदरातून निघालेला एकेक ट्रेलर आमच्या गल्लीपेक्षा लांब. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून वर्तमानपत्र काढलं आणि शब्दकोडं सुरू केलं, म्हणजे हे रोजचंच.

चौदा बायका आल्या होत्या. मुंबईच्या एका संस्थेने फुकट पाठवलेली पुस्तिका आमच्याकडे होती. गुळगुळीत कागद, चार रंग. आमच्या छापखान्यात असा कागद फक्त लग्नपत्रिकेला वापरतात. पहिल्या पानावर ध्रुवीय अस्वल, बर्फाच्या लहानशा तुकड्यावर उभं, चेहरा व्याह्याने अपमान केल्यासारखा. खाली इंग्रजी शब्द, त्यांचे मराठी अर्थ.

मी अस्वलाची करुण कहाणी सांगितली. बर्फ वितळतोय, अस्वलाला मासे मिळत नाहीत. बायजाकाकी पुढच्याच रांगेत, पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "बरफ इतलला का मच्छी नासते, ह्ये आमाला म्हाईत हाय. फुडं बोल."

पुढे नळ बंद ठेवायचा धडा होता. बेलखारला नळाला एक दिवसाआड पाणी. त्यापुढे एकट्याने गाडी चालवू नये, मित्रांसोबत वाटून न्यावी असा. सरिता नावाच्या मुलीने विचारलं की रिक्षात आम्ही सात जणी बसतो, तर त्याला पर्यावरणाचं बक्षीस मिळतं का. सरिता बारावी झालेली, द्रोणागिरीच्या एका गोदामात नोकरी मिळावी म्हणून इंग्रजीच्या मागे लागलेली. वर्गात वाचता येणारी तीच एक खरी, बाकीच्या सहीपुरत्या.

मी पुस्तिका मिटली. अहवालच काढला. त्यातलेच शब्द घेऊ म्हटलं. मडफ्लॅट, मँग्रोव्ह, मिटिगेशन, बफर. मिटिगेशन म्हणजे केलेल्या नुकसानीवरचा उतारा, हे सांगायला मला दहा मिनिटं लागली. शेवटी काकीने सोडवलं. आधी पाय तोडायचा आणि मग काठी द्यायची, ते ना? मी म्हटलं, तेच. तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही.

द्वादशी

एकादशीला वर्ग भरलेला होता. द्वादशीला तिघीच आल्या, त्यातली एक झोपली. त्रयोदशीला ओट्यावर एक कुत्रं होतं.

मी संतापले. तीनशे किलोमीटर येऊन, रजा घालवून, कुत्र्याला मिटिगेशन शिकवायचं का? जनतेच्या उदासीनतेवर एक पत्रक माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागलं. मथळासुद्धा झाला होता. नुसरत पलीकडे भिंतीला टेकून मोबाइलवर सापाचा गेम खेळत होती. ती म्हणाली, फिकर नको करू, खाडीकडे जाऊन बघ.

खाडीकडे गेले. आणि परवा जिथे पाणी पाहिलं होतं तिथे पाणीच नव्हतं. अर्धा मैल लांब नुसता चिखल, उन्हात चमकणारा, आणि त्यात ठिकठिकाणी ओणव्या झालेल्या माझ्या विद्यार्थिनी. साड्या मांडीपर्यंत खोचलेल्या, कमरेला टोपल्या. मी काठावरून हाक मारली. काकीने वर न बघताच हात हलवला, ये म्हणून.

गेले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत, पाचव्याला मांडीपर्यंत. पाय ओढला तर दुसरा आत. मी हालचाल बंद केली आणि भाषणाच्या अवस्थेत, म्हणजे दोन्ही हात वर करून, तशीच उभी राहिले. समोर निवट्या नावाचे बोटभर मासे चिखलावरून उड्या मारत चालले होते. डोळे डोक्यावर, तोंड वासलेलं. मासे असून ते माझ्यापेक्षा बरं चालत होते. एक थांबून माझ्याकडे बघत राहिला. काकी आली, माझ्या गुडघ्यामागे हात घालून टाच आधी फिरवली आणि बूच काढावं तसा माझा पाय काढला. टाच आधी, बोटं मागनं, हा धडा मी एका तासात शिकले. तिथे शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे वेगळं लिहायला नको.

वेळापत्रकही त्या चिखलातच कळलं. चतुर्थी असो की दशमी, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. चार पाऊण तीन. दहा पाऊण साडेसात. पाऊणकी! हा पाढा आमच्या आजोबांबरोबर गेला असं मला वाटत होतं. काकीला अ काढता येत नाही, पण पाऊणकी तोंडपाठ. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी फार मागे जात नाही, त्याला भांग म्हणतात. तेव्हा बायका घरी, म्हणून दशमीला वर्ग भरलेला. पुढे उधाण, पाणी लांब हटतं, तेव्हाच खरी कमाई. मी मात्र घड्याळात चार वाजवून बसले होते. आमच्याकडे यंत्रमागाची पाळी बदलते, पण भोंगा तोच असतो. इथे भोंगाच रोज पाऊण तास पुढे सरकतो.

परतताना काठावर शेजारच्या गावातली एक बाई भेटली. तिने काकीला विचारलं, काय गावलं गो? काकीची टोपली वर ओला फडका टाकून झाकलेली, इतकी जड की तिचा खांदा एका बाजूला कललेला. काकी म्हणाली, "काय नाय गो." त्या बाईची टोपलीही तशीच जड, तशीच झाकलेली. तीही म्हणाली, काय नाय. दोघी समाधानाने आपापल्या वाटेने गेल्या.

सरिताने मला समजावलं. काय मिळालं हे कधी सांगायचं नाही. सांगितलं की नजर लागते, खाडी आटते, आणि शिवाय उद्या त्या जागी दुसरी येऊन बसते. काकीने आपली जागा सख्ख्या जावेलाही कधी दाखवली नव्हती. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे चार नवे माग टाकलेला कारखानदार, पेढ्याचा पुडा हातात असताना, 'लई मंदी हाय' म्हणतो. फक्त काकीची मंदी कोणी सरकारदरबारी नोंदवून घेतली नव्हती, असं मला तेव्हा वाटलं.

अमावास्या

वर्ग सकाळी दहावर नेला, कारण त्या वेळी भरती आणि सगळ्या मोकळ्या. पुन्हा चौदाच्या चौदा. ओट्याच्या खालच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं. परवाचा तो सगळा चिखल दोन पुरुष पाण्याखाली, आणि त्यावरून एक होडी चाललेली.

आदल्या संध्याकाळी मी काकीसाठी भाषण लिहिलं होतं. दोन पानं. 'भांडवलाच्या बुलडोझरखाली चिरडल्या जाणाऱ्या' अशी सुरुवात. उभं राहून वाचून दाखवलं. आवाज चांगला लागला होता. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग काकी म्हणाली, "ह्याच्यान राग लय हाय बाय. टायम कुठं हाय?"

मला समजलं नाही. ती म्हणाली, साहेब लोक टायमाला घाबरतात, रागाला नाय. त्यांच्या कागदावं टायम काय लिवलाय त्यो वाच.

म्हणून आम्ही अहवालातलं ते पान उघडलं, जे मी कंटाळवाणं म्हणून सोडलं होतं. 'मासेमारीची पाहणी' असा तक्ता. सरिता एकेक शब्द सोडवत वाचायला लागली आणि मी अर्थ सांगत होते. पाहणीचे दिवस दोन. पाहणीची वेळ अकरा ते एक. चिखलावर आढळलेली माणसं: निल. निल म्हणजे शून्य. मासेमारी: निल. शंख-शिंपले गोळा करणं: निल.

"तिथी कोनती व्हती?" काकीने विचारलं.

अहवालात तिथी कशी असणार. पण तारखा होत्या. बेलखारला नवं कॅलेंडर जुन्याच्या वरच त्याच खिळ्याला टांगतात. सरिता समोरच्या घरातून खिळ्यासकट सगळा गठ्ठा घेऊन आली. गेल्या वर्षीचं पान उलगडलं. पहिली तारीख, पौर्णिमा. दुसरी, अमावास्या.

 मग मागून दोघीतिघींनी एका सुरात म्हटलं, पंधरं पाऊण सव्वा अकरा. आणि सगळ्यांच्या माना खाडीकडे वळल्या. सव्वा अकराच वाजले होते. अमावास्याच होती. होडी त्या मैदानाच्या बरोबर मधोमध होती.

जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. एकीने लोळणच घेतली. एक म्हणाली, चिंबोऱ्या पोहत येऊन हजेरी लावनार व्हत्या काय? मीसुद्धा हसत होते, पण मला आतून लाजही वाटत होती. तो तक्ता मी तीनदा उलटून पुढे गेले होते. त्यात अन्याय दिसत नव्हता, नुसती वेळ दिसत होती, आणि मला वेळ वाचता येत नव्हती.

सरिताचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. ती वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. मी अर्थ सांगितला, सांगावाच लागला. जागेवर एका स्थानिक महिलेची मुलाखत घेतली. तिने सांगितलं की काहीही मिळत नाही.

हसणं थांबलं. काकीने पाय जवळ घेतले.

"ती मी," ती म्हणाली.

टोप्या घातलेले दोन पोरगे होते, उन्हाने लाल झालेले. तिने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, काकडी कापून दिली. त्यांनी विचारलं, मावशी, खाडीत काय मिळतं का? आणि तिने तेच सांगितलं जे ती चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती, जे तिची आई आणि सासू सांगत होत्या. काय नाय रे बाबा. पोरांनी ते इंग्रजीत लिहून नेलं.

मी समजूत घालायला लागले की दोष तिचा नाही, व्यवस्थेचा आहे. नुसरतने माझा हात दाबला. काकी पाण्याकडे बघत होती. तिने शब्द मागितले होते. शब्द आले, आणि त्यातला सगळ्यात वाईट तिचा स्वतःचा निघाला.

द्वितीया

मधला प्रतिपदेचा दिवस काकी वर्गाला आली नाही. खाडीवरही दिसली नाही. सरिता म्हणाली, घरात बसून हाय, कोणाशी बोलत नाय.

सुनावणी पनवेलच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची कागदी फुलं छताला तशीच होती, आणि अध्यक्ष म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांना नवरदेवाच्या मखमली खुर्चीत बसवलं होतं. शेजारची नवरीची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कोणी फायली ठेवल्या. अकराची वेळ, साहेब साडेबाराला आले. आधी चहा, मग स्वागत, मग पडद्यावर चित्रं. सल्लागार कंपनीचा माणूस तिशीचा, चांगला घामाघूम. 'नगण्य', 'मिटिगेशन', 'बफर' असं ओळीने झालं. मिटिगेशन आलं तेव्हा आमच्या चौदा जणींतून "पाय तोडून काठी" असं ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं गेलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही आल्या होत्या. काठावर भेटलेली ती जड टोपलीवालीही होती. म्हणजे ज्यांच्यापासून काकीने आयुष्यभर आपली जागा लपवली त्या सगळ्या जणी समोर.

मी भाषणाची दोन पानं पिशवीत ठेवली होती, न जाणो म्हणून. सकाळी आमच्याबरोबर आलेली काकी उठली तेव्हा मी पानं पुढे केली. तिने माझा हात बाजूला सारला आणि माईकशी गेली. माईक तिच्यासाठी उंच होता. तिने तो खाली ओढला, त्याने किंकाळी फोडली.

तिने आधी सल्लागाराला विचारलं, पाहणीला तुम्ही चिखलात उतरला होता का. तो म्हणाला की त्याची माणसं बांधावर उभी होती. त्यांना काय दिसलं? तो खोटारडा नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याने कागद पाहिला, जरा घुटमळला आणि म्हणाला, पाणी.

मागून हशा उठला. काकी हसली नाही.

"त्या कागदावं जी बाई हाय ती मी," ती म्हणाली. "मी बायजा, बेलखारची. मी त्या पोरांना खोटं बोल्ले. आमच्यान कोनी पुसलं काय गावलं, तं काय नाय बोलाचं. आये तशीच बोलाची. आज खरं सांगते, आयकून घ्या."

मग तिने सांगितलं. उधाणाच्या दिवसांत रोज एक भरलेली टोपली तिसऱ्यांची. कालवं वेगळी. थंडीत निवट्या, अमावास्येच्या आगेमागे चिंबोऱ्या. ती एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण अध्यक्षांनी सवयीने विचारलं, नेमकं कुठं? सभागृहातल्या सगळ्या बायका पुढे वाकल्या.

काकीने डोळे मिटले. "मोठ्या खडपाच्या उजव्या अंगाला," ती म्हणाली, "जुन्या खांबापासून तीस पावलं. दोन बोटं खोल. थय सगल्यात मोठ्या हाईत."

टोपलीवाली बाई उठून उभी राहिली होती. मला वाटलं, भांडण काढणार. ती म्हणाली, "माझं पन लिवा. मीबी खोटं बोलते." आणि तिने तिचं सांगितलं. मग तिसरी उठली. अर्धा तास पनवेलच्या त्या मंगल कार्यालयात बायका एकामागून एक उठून, चेहरे लाल करून, आपल्या टोपल्यांवरचे फडके काढत होत्या. कारकुनाला लिहायला पानं पुरेनात. सभागृहाच्या मागच्या बाजूला पुरुष मंडळी थक्क होऊन बसली होती. त्यांच्या घरात एवढं येत होतं, हे त्यांनाही नवीन होतं.

अध्यक्षांनी फेरपाहणी करा असं सांगितलं. सल्लागाराने मान हलवून वहीत लिहून घेतलं. तेव्हा सरिता त्याच्या टेबलापाशी गेली, वाकून वहीत पाहिलं आणि म्हणाली की हे पुरेसं नाही. त्याने नुसतं 'पुन्हा पाहणी' लिहिलं होतं. सरिताने त्याला इंग्रजीत, एकेक शब्द जपून ठेवत, सांगितलं, "ॲट लो टाइड. प्लीज राइट." त्याने 'ओहोटीच्या वेळी' असं पुढे लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचून दाखवायला लावलं. माझ्या आठवड्याभराच्या शिकवण्यातून इंग्रजीची एवढी दोनच वाक्यं बाहेर पडली, आणि मला त्याहून जास्त नको होती.

तृतीया

दुपारची बस होती. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला. हे मी आता कोणाला न विचारता काढलं आणि नुसरतला घेऊन बेलखारला गेले. अम्मीने डब्यात चार भाकऱ्या दिल्या होत्या.

चिखलात उतरले. टाच आधी, बोटं मागनं. काकी माझ्या पुढे होती, टोपली रिकामी. मोठ्या खडपाच्या उजव्या अंगाला आठ-नऊ बायका आधीच ओणव्या बसल्या होत्या. टोपलीवालीही होती, दोन सुना घेऊन. जुन्या खांबापासून बरोबर तीस पावलांवर. कोणी वर पाहिलं नाही.

मी काकीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात सामूहिक मालकीवर एक परिच्छेद तयार होत होता, पण तिचा चेहरा बघून तो तिथेच राहिला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. चाळीस वर्षं तिने हे लपवून ठेवलं होतं. एका सकाळीत तिथे जत्रा भरली होती.

"मेल्यांनो," ती ओरडली, "सगल्या एकाच जागी काय बसल्याव? लांब लांब बसा. त्यो मोजनारा येल तवा लय दिसल्या पायजेत."

आणि साडी खोचून तिने त्यांच्या मधोमध जागा केली.